जॉनी युनायटस: एका क्वार्टरबॅकचा काळ

जॉन कॉन्स्टंटाइन युनायटसचा जन्म ७ मे १९३३ रोजी अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात झाला. पोलाद आणि कोळशावर जगणारे हे शहर तेव्हा महामंदीने पुरते गांजलेले होते. युनायटस कुटुंब मूळचे लिथुआनियाचे. वडील फ्रान्सिस यांचा घरोघर कोळसा पोचवण्याचा छोटा धंदा होता. जॉन पाच वर्षांचा असताना ते वारले आणि घराचा सगळा भार आई हेलनवर पडला. तिने नवऱ्याचा धंदा बंद पडू दिला नाही आणि जोडीला बाहेरची कामेही धरली. पुढे युनायटसच्या अंगी जो चिवटपणा दिसला त्याचे श्रेय तो स्वतः आईलाच देत असे.

सेंट जस्टिन या लहानशा कॅथलिक शाळेत तो क्वार्टरबॅक म्हणून खेळू लागला. शाळा संपली तेव्हा त्याचे वजन जेमतेम १४५ पौंड, म्हणजे ६६ किलोच्या आसपास होते. नोटर डेम हे कॅथलिक विद्यापीठ फुटबॉलसाठी देशभर गाजलेले. तिथे तो चाचणीला गेला, पण इतक्या किरकोळ अंगाच्या मुलाला मैदानात दुखापत होईल असे म्हणून त्याला परत पाठवण्यात आले. गावातल्या पिट्सबर्ग विद्यापीठाची तयारी होती, पण प्रवेश परीक्षेत तो नापास झाला. अखेर १९५१ मध्ये केंटकी राज्यातील लुईव्हिल विद्यापीठाने त्याला घेतले. फुटबॉलच्या जगात या विद्यापीठाला तेव्हा फारसे कोणी विचारत नव्हते.

युनायटसने पुढे काय केले हे कळण्यासाठी क्वार्टरबॅकचे काम समजून घेणे भाग आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये अकरा-अकरा जणांचे दोन संघ १०० यार्डांच्या मैदानात समोरासमोर उभे राहतात. चेंडू ज्या संघाकडे असेल त्याने चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकायचे असते. तेवढे जमले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही जमले तर चेंडू समोरच्या संघाकडे जातो. चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली की टचडाउन, त्याचे सहा गुण. खांबांच्या मधून लाथेने उडवला की फील्ड गोल, त्याचे तीन. एकेक प्रयत्न पाच-सहा सेकंदांत आटोपतो आणि मग खेळ थांबतो. त्या फटीत संघ डोकी एकत्र करून उभा राहतो. या घोळक्याला हडल म्हणतात, आणि पुढची चाल तिथे सांगितली जाते. चाल सुरू झाली की चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. शेजारच्याकडे देऊन तो पळवायला लावायचा की पुढे धावणाऱ्या सहकाऱ्याकडे फेकायचा, याचा निकाल त्याने दोन-तीन सेकंदांत लावायचा असतो. तोवर समोरचे आडदांड गडी त्याला आडवा करण्यासाठी अंगावर येत असतात.

या खेळात चेंडू पुढे फेकण्याची मुभा सुरुवातीला नव्हतीच. १९०५ च्या मोसमात इतके खेळाडू दगावले की खेळावर बंदी घालण्याची भाषा सुरू झाली, आणि १९०६ मध्ये नियम सैल करून पुढचा पास मान्य झाला. तरीही कितीतरी वर्षे क्वार्टरबॅक हा मुख्यतः दुसऱ्यासाठी वाट मोकळी करणारा गडी राहिला. व्यावसायिक लीगच्या १९४० च्या अंतिम सामन्यात शिकागो बेअर्सने वॉशिंग्टनचा ७३-० असा चुराडा केला. त्या दिवशी बेअर्सची ‘टी’ रचना आणि सिड लकमन हा त्यांचा क्वार्टरबॅक देशाने पाहिला, आणि चेंडू आधी याच्याच हाती देण्याची पद्धत सगळीकडे पसरली. राहिला प्रश्न चाल ठरवण्याचा. क्लीव्हलँडचा प्रशिक्षक पॉल ब्राऊन प्रत्येक चाल बाहेरून निरोप्याकरवी आत धाडत असे. इतर बहुतेक संघांत ती क्वार्टरबॅक स्वतः ठरवी. युनायटस या दुसऱ्या पठडीतला, आणि ही पठडी त्याच्याइतक्या टोकाला कोणी नेली नाही.

लुईव्हिलमधली चार वर्षे यशाची म्हणता येणार नाहीत. विद्यापीठाने खेळाडूंच्या शिष्यवृत्त्या कमी केल्या आणि संघ विस्कटला. त्यात १९५३ मध्ये कॉलेज फुटबॉलचे नियम बदलले आणि तेच खेळाडू चढाई आणि बचाव दोन्हींत उतरू लागले. युनायटस चेंडू फेकायचा, चेंडू गेला की मागे उभा राहून समोरच्यांना अडवायचा, आणि लाथेने आलेले चेंडू झेलून पळायचाही. सामने संघ हरतच होता, पण या काळात त्याचे अंग भरले, उंची सहा फूट एक इंचावर गेली आणि मार खाऊन उठायची सवय जडली.

१९५५ च्या निवडीत, म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजमधून खेळाडू उचलतात त्या ड्राफ्टमध्ये, गावच्याच पिट्सबर्ग स्टीलर्सने त्याला नवव्या फेरीत, १०२ व्या क्रमांकावर घेतले. शिबिरात चार क्वार्टरबॅक होते आणि जागा तीन. प्रशिक्षक वॉल्ट किसलिंगने मोसमापूर्वीच्या एकाही सामन्यात त्याला उतरवले नाही आणि शेवटी घरी धाडले. बसचे पैसे वाचावेत म्हणून तो वाटेतल्या मोटारींना हात करत घरी परतला, असे सांगतात. लग्न झालेले होते आणि खर्च वाढत होता. तो बांधकामावर लागला. पाया घालण्यासाठी जमिनीत खांब ठोकणाऱ्या टोळीत त्याला काम मिळाले. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी ब्लूमफील्ड रॅम्स नावाच्या हौशी-व्यावसायिक संघाकडून तो खेळू लागला. मोबदला सामन्यामागे सहा डॉलर. मैदान शाळेचे, गवताचा पत्ता नाही. धूळ बसावी म्हणून त्यावर तेल शिंपडत.

बाल्टिमोर कोल्ट्स हा त्या वेळी नवखा संघ होता. बंदर, गोद्या आणि पोलाद कारखान्यांचे हे शहर वॉशिंग्टन आणि फिलाडेल्फिया यांच्या सावलीत दबलेले, आणि १९५३ मध्ये मिळालेला संघ हेच त्याचे मोठे अप्रूप. १९५६ च्या सुरुवातीला कोल्ट्सचे व्यवस्थापक डॉन केलेट यांनी पिट्सबर्गला फोन लावला. पर्यायी क्वार्टरबॅक हवा होता, स्वस्तातला. कोल्ट्सचा प्रशिक्षक वीब यूबँक मागाहून गमतीने सांगे, की ब्लूमफील्डच्या एका चाहत्याने या मुलाची शिफारस करणारे पत्र धाडले होते आणि ते पत्र युनायटसनेच लिहिले असावे असा त्याचा संशय होता. करार वर्षाला ७,००० डॉलरचा झाला, तोही संघात टिकला तर.

संघाचा मुख्य क्वार्टरबॅक जॉर्ज शॉ. ज्या १९५५ च्या ड्राफ्टमध्ये युनायटस १०२ वा होता त्यात शॉ पहिला होता. २१ ऑक्टोबर १९५६ रोजी शिकागोत बेअर्सविरुद्ध शॉचा गुडघा दुखावला आणि युनायटसला आत बोलावले. त्या सामन्यातला त्याचा पहिलाच पास जे. सी. कॅरोलाइनने मध्येच झेलला आणि थेट टचडाउनपर्यंत नेला. पाठोपाठ सहकाऱ्याच्या हाती चेंडू देताना तो निसटला. कोल्ट्स आघाडीवर होते, ते ५८-२७ असे हरले. इथून कोणाचीही कारकीर्द संपली असती. पण संघाकडे दुसरा कोणी नव्हता, म्हणून पुढच्या आठवड्यात ग्रीन बेविरुद्ध पुन्हा युनायटसच उतरला आणि कोल्ट्स जिंकले. शॉला त्याची जागा परत मिळाली नाही.

१९५७ च्या मोसमात युनायटसने लीगमध्ये सर्वाधिक यार्ड आणि सर्वाधिक टचडाउन पास नोंदवले. या झेपेमागे रेमंड बेरीचा मोठा वाटा होता. बेरी हा झेल घेणारा गडी, ज्याला रिसीव्हर म्हणतात. ड्राफ्टच्या विसाव्या फेरीतला, अधू नजरेचा, धावण्यात मध्यम. सराव संपून बाकीचे आंघोळीला गेले की हे दोघे मैदानात राहत. बेरी एकच वाट पुन्हा पुन्हा धावे, युनायटस त्याच जागी पुन्हा पुन्हा चेंडू टाकी. पाचवे पाऊल कुठे पडणार, वळण कुठे येणार, हे इतके पक्के बसले की बेरी वळायच्या आतच चेंडू हातातून सुटलेला असे. बचाव करणाऱ्याला चेंडू दिसे तोवर उशीर झालेला असायचा. पुढच्या काळात ज्याला ‘टायमिंग’चा पास म्हणू लागले त्याचा पाया या दोघांच्या जादा सरावात होता. दुसऱ्या बाजूला लेनी मूर, जो पळण्यात आणि झेलण्यात सारखाच तरबेज. मध्ये ॲलन अमीची हा चेंडू घेऊन मधून घुसणारा धिप्पाड फुलबॅक. पुढे जिम पार्कर, युनायटसवर चालून येणाऱ्यांना रोखणारी भिंत.

मूर आणि पार्कर दोघेही कृष्णवर्णीय. मैदानात ते संघाचे आधारस्तंभ होते, पण त्याच शहरातल्या कित्येक हॉटेलांत आणि चित्रपटगृहांत त्यांना प्रवेश नव्हता. क्वार्टरबॅकची जागा तर कृष्णवर्णीयांना जवळपास बंदच होती. निर्णय घेण्याची कुवत गोऱ्यांकडेच असते या समजाला लीग कवटाळून होती. १९६८ मध्ये डेन्व्हरच्या मार्लिन ब्रिस्कोने सुरुवातीपासून खेळून आधुनिक काळात ती कोंडी फोडली. तोवर युनायटसची कारकीर्द उताराला लागली होती.

१९५८ च्या मोसमात कोल्ट्स सुसाट होते. नोव्हेंबरमध्ये ग्रीन बेविरुद्ध युनायटसच्या बरगड्या मोडल्या आणि फुप्फुसाला इजा झाली. दोन सामने हुकले, मग तो छातीला कवच बांधून परतला आणि पहिल्याच चालीवर मूरला लांब पास देऊन टचडाउन मिळवला. सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध मध्यंतराला ७-२७ असे मागे असताना संघाने सामना ३५-२७ असा फिरवला आणि अंतिम फेरी गाठली. गाठ न्यूयॉर्क जायंट्सशी होती, २८ डिसेंबर १९५८ रोजी, न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये. जायंट्सच्या चढाईची सूत्रे व्हिन्स लोम्बार्डीकडे आणि बचावाची टॉम लँड्रीकडे होती. दोघेही पुढे स्वतंत्र प्रशिक्षक म्हणून दंतकथा बनले.

सामना तसा चुकांनी भरलेला होता. चेंडू हातातून सुटत होते, पास चुकत होते. पहिल्या अर्ध्यात कोल्ट्सने १४-३ अशी आघाडी घेतली, दुसऱ्यात जायंट्सने ती उलटवून १७-१४ केली. शेवटच्या मिनिटांत जायंट्सच्या फ्रँक गिफर्डला अडवताना कोल्ट्सचा जिनो मार्केटी पाय मोडून पडला, आणि गिफर्ड हव्या त्या रेषेपासून जरासा अलीकडे राहिला असा निर्णय पंचांनी दिला. गिफर्डला तो कधीच पटला नाही. जायंट्सने चेंडू लाथेने लांब उडवला. कोल्ट्सला तो स्वतःच्या १४ यार्डांच्या रेषेवर मिळाला, तेव्हा घड्याळात दोन मिनिटांहून कमी वेळ उरला होता.

पहिले दोन पास वाया गेले. तिसरा मूरने झेलला, ११ यार्ड. मग लागोपाठ तीन पास बेरीला: २५ यार्ड, १५ यार्ड, २२ यार्ड. हडल घ्यायलाही वेळ नव्हता. युनायटस पुढची चाल ओरडूनच सांगत होता. सात सेकंद उरले असताना स्टीव्ह मायराने फील्ड गोल केला आणि सामना १७-१७ असा बरोबरीत आला. कित्येक खेळाडूंना वाटले, संपले. लीगच्या अंतिम सामन्यात पहिला गुण करणारा जिंकेल अशा जादा वेळेचा नियम होता, पण तो वापरण्याची वेळ तोवर कधी आलीच नव्हती.

जादा वेळेत जायंट्सची पहिली चढाई फसली. कोल्ट्सने २० यार्डांच्या रेषेपासून सुरुवात केली आणि १३ चालींत ८० यार्ड कापले. युनायटसची विद्या यातल्या एका चालीत उघडी दिसते. बेरीला आवरण्यासाठी जायंट्सच्या बचावाच्या मध्यावरचा सॅम हफ दोन पावले मागे सरकला होता. युनायटसने ते टिपले, ठरलेली चाल ऐनवेळी बदलली आणि हफने मोकळ्या सोडलेल्या जागेतून अमीचीला पळवले. २३ यार्ड मिळाले. पुढे रेषा अगदी जवळ आली असताना, जिथे बाकी कोणी चेंडू हातातून सोडला नसता, तिथे त्याने जिम मुचेलरला कडेने पास टाकला. तो मध्येच झेलला गेला असता तर सामना गेला असता. नंतर लोकांनी छेडले तेव्हा त्याचे उत्तर होते की काय करतोय हे ठाऊक असले तर पास झेलला जात नाही. पुढच्याच चालीत अमीची एक यार्ड घुसला. कोल्ट्स २३, जायंट्स १७. युनायटसच्या खात्यावर ४० पैकी २६ पास आणि ३४९ यार्ड, बेरीच्या खात्यावर १२ झेल आणि १७८ यार्ड.

मैदानात ६४,१८५ प्रेक्षक होते, पण टीव्हीवर हा सामना सुमारे साडेचार कोटी लोकांनी पाहिला असा अंदाज आहे. खुद्द न्यूयॉर्क परिसरात मात्र स्थानिक सामन्यांच्या प्रक्षेपणबंदीमुळे तो दिसला नाही. तोपर्यंत अमेरिकेचा खेळ म्हणजे बेसबॉल. व्यावसायिक फुटबॉल हा कारखान्यांच्या गावांतला, कॉलेज फुटबॉलहूनही खालच्या पायरीचा धंदा. दोन मिनिटांत मैदान कापणारा क्वार्टरबॅक ही टीव्हीला पुरेपूर मानवणारी गोष्ट निघाली. या सामन्याला ‘आजवरचा सर्वोत्तम’ हे बिरुद चिकटले. खेळ म्हणून ते ओढूनताणून वाटते. परिणाम पाहिला तर नाही. टेक्सासच्या लमार हंट या तेल व्यावसायिकाच्या मुलाने हा सामना टीव्हीवर पाहिला आणि फुटबॉलमध्येच पैसा घालायचा असे ठरवले. १९६० मध्ये त्याच्या पुढाकाराने अमेरिकन फुटबॉल लीग ही प्रतिस्पर्धी लीग उभी राहिली, आणि दोन्ही लीगच्या विजेत्यांच्या सामन्यातून पुढे सुपर बोल जन्माला आला. सामन्यानंतर एड सुलिव्हनच्या लोकप्रिय टीव्ही कार्यक्रमाचे आमंत्रण युनायटसने नाकारले. त्याऐवजी अमीची गेला.

१९५९ मध्ये कोल्ट्सने बाल्टिमोरच्या मेमोरियल स्टेडियममध्ये जायंट्सलाच ३१-१६ असे हरवून विजेतेपद राखले. त्या मोसमात युनायटसने ३२ टचडाउन पास दिले; बारा सामन्यांच्या मोसमात तोवर कोणी तिशी गाठलेली नव्हती. सलग सामन्यांत निदान एक टचडाउन पास देण्याचा क्रम ९ डिसेंबर १९५६ पासून चालू होता. तो ११ डिसेंबर १९६० रोजी लॉस एंजेलिसमध्ये तुटला, तेव्हा आकडा ४७ वर पोचला होता.

बाल्टिमोरमध्ये त्याचे स्थान केवळ नामवंत खेळाडूचे नव्हते. कोल्ट्सचे खेळाडू चाहत्यांच्याच वस्त्यांत राहत आणि मोसम संपला की इतरांसारख्या नोकऱ्या करत. डोक्यावर बारीक कापलेले केस, पाठीवर १९ क्रमांक, पायात घोट्याच्या वर येणारे काळे बूट, किंचित पोक काढून चालणे, आणि सामना जिंकल्यावर हात न उंचावता बाहेर निघून जाणे. गोदी कामगारांना तो आपल्यातलाच वाटे. हडलमध्ये मात्र त्याच्याखेरीज कोणी तोंड उघडत नसे. ज्याला काही सुचवायचे असेल त्याने परतताना कानात सांगायचे, ऐकायचे की नाही ते तो ठरवणार.

१९६३ मध्ये यूबँकच्या जागी तिशीतला डॉन शुला प्रशिक्षक म्हणून आला. दोघेही हट्टी, आणि चाली कोणी ठरवायच्या यावरून त्यांचे फारसे सूत जुळले नाही. तरी निकाल उत्तम होते. १९६४ मध्ये युनायटस पुन्हा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण अंतिम सामन्यात क्लीव्हलँडने २७-० अशी धूळ चारली. १९६५ मध्ये त्याचा गुडघा गेला, पर्यायी क्वार्टरबॅकही जायबंदी झाला, तेव्हा टॉम मॅटी या धावणाऱ्या गड्याला मनगटावर चालींची चिठ्ठी बांधून त्या जागी उभे केले. आज टीव्हीवर कित्येक क्वार्टरबॅकच्या मनगटावर दिसणारी पट्टी ही त्या अडचणीतून निघालेली तोड. १९६७ मध्ये तेरा सामने न हरलेला संघ शेवटचा सामना लॉस एंजेलिसच्या रॅम्सशी हरला आणि बाद फेरीबाहेर राहिला. सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याही वर्षी युनायटसकडेच, एकूण तिसऱ्यांदा.

१९६८ च्या मोसमाआधीच्या शेवटच्या सराव सामन्यात त्याच्या उजव्या कोपराला जबर मार बसला. त्याच्या जागी आलेल्या अर्ल मोरलने वर्ष गाजवले. कोल्ट्स १४ पैकी १३ सामने जिंकून सुपर बोलला पोचले, तेव्हा समोर न्यूयॉर्क जेट्स होते. त्यांचा प्रशिक्षक तोच वीब यूबँक. जेट्सचा क्वार्टरबॅक जो नेमथ याने आपणच जिंकणार याची जाहीर हमी दिली होती. सट्टेबाजांनी मात्र कोल्ट्सना १८ गुणांनी वरचढ धरले होते. १२ जानेवारी १९६९ रोजी मोरलचे पास एकामागून एक मध्येच झेलले जाऊ लागले, तरी शुलाने युनायटसला बराच वेळ बाकावर ठेवले. दुखऱ्या हाताने तो उशिरा उतरला आणि संघाचा एकुलता टचडाउन त्याच्याच चढाईतून आला. जेट्स १६-७ असे जिंकले. तो अर्धा तास आधी आत गेला असता तर काय झाले असते, हा वाद बाल्टिमोरमध्ये कित्येक वर्षे रंगला.

दोन वर्षांनी उलटे घडले. शुला मायामीला गेला होता आणि मवाळ स्वभावाचा डॉन मॅककॅफर्टी प्रशिक्षक होता. १७ जानेवारी १९७१ च्या सुपर बोलमध्ये युनायटसचा एक पास दोघांच्या हातांना लागून जॉन मॅकीकडे गेला आणि ७५ यार्डांचा टचडाउन झाला. पण दुसऱ्या टप्प्यातच बरगड्यांवर मार बसून तो बाहेर पडला. या वेळी मोरलने सामना पुढे नेला. जिम ओब्रायनने शेवटच्या सेकंदांत मारलेल्या फील्ड गोलवर कोल्ट्सने डॅलसला १६-१३ असे हरवले.

१९७२ मध्ये संघ रॉबर्ट अर्सेच्या मालकीचा झाला आणि नवा व्यवस्थापक जो थॉमसने जुनी फळी मोडायला घेतली. युनायटसला बाकावर बसवण्याचा हुकूम मॅककॅफर्टीने मानला नाही आणि पाच सामन्यांनंतर त्याची नोकरी गेली. ३ डिसेंबरला बाल्टिमोरमध्ये बफलोविरुद्धचा सामना हा घरच्या मैदानावर युनायटसचा शेवटचा, हे सगळ्यांना ठाऊक होते. वर त्याच्या नावाचा फलक ओढत एक विमान घिरट्या घालत होते. क्वार्टरबॅक मार्टी डोमरेस दुखावला आणि युनायटस आत आला. त्याने एडी हिंटनकडे फेकलेला चेंडू ६३ यार्डांवर टचडाउन ठरला, आणि स्टेडियम अक्षरशः हादरले. पुढच्या वर्षी त्याला सॅन डिएगोला विकण्यात आले. चाळिशीतला, खांदा आणि गुडघे झिजलेला युनायटस तिथे काही सामने खेळला, ४०,००० यार्डांचा टप्पा ओलांडणारा पहिला क्वार्टरबॅक ठरला आणि आपली जागा डॅन फाउट्स या नवख्या पोराकडे देऊन १९७४ च्या शिबिरात निवृत्त झाला.

एकूण हिशेब ४०,२३९ यार्ड, २९० टचडाउन पास आणि मध्येच झेलले गेलेले २५३ पास. शेवटचा आकडा आजच्या वाचकाच्या डोळ्यांत खुपेल. पण तेव्हा बचाव करणारे रिसीव्हरला वाटभर ढकलू-अडवू शकत. पाच यार्डांपलीकडे असे करायला मनाई १९७८ मध्ये आली आणि त्यानंतर पास देणे पुष्कळ सोपे झाले. चाली ठरवण्याचे कामही हळूहळू क्वार्टरबॅककडून निघून प्रशिक्षकाकडे गेले. १९९४ पासून तर हेल्मेटमध्ये रेडिओ बसवून चाल थेट कानात सांगितली जाऊ लागली.

१९७९ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. धंद्यात मात्र यश आले नाही. १९९१ मध्ये दिवाळखोरी जाहीर करावी लागली. २८ मार्च १९८४ च्या रात्री अर्सेने संघाचे सामान ट्रकमध्ये भरून कोल्ट्स इंडियानापोलिसला हलवले. बाल्टिमोर सकाळी उठले तेव्हा संघ गेलेला होता. युनायटसने इंडियानापोलिसशी काहीही संबंध ठेवायचे नाकारले आणि आपल्या नोंदी बाल्टिमोरच्याच नावे राहाव्यात असा आग्रह धरला. १९९६ मध्ये क्लीव्हलँडचा संघ रेव्हन्स या नावाने बाल्टिमोरला आला, तेव्हा तो त्यांच्या सामन्यांना कडेला उभा दिसू लागला.

शरीराने मात्र हिशेब चुकता केला. दोन्ही गुडघे बदलावे लागले. १९६८ मध्ये दुखावलेल्या उजव्या हातातली ताकद उतारवयात इतकी गेली की बोटे मिटत नसत. गोल्फची काठी धरण्यासाठी हातमोजा तिला पट्टीने बांधावा लागे. लीगने भरपाई नाकारली. त्याच्या हयातीतच ही गोष्ट मासिकांतून छापून आली आणि निवृत्त खेळाडूंच्या दुखण्यांची जबाबदारी कोणाची, या वादात त्याचे नाव वारंवार येऊ लागले.

११ सप्टेंबर २००२ रोजी बाल्टिमोरजवळच्या टिमोनियममध्ये व्यायाम करताना हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. वय ६९. त्या आठवड्यात इंडियानापोलिसच्या पेटन मॅनिंगने त्याच्या स्मरणार्थ उंच काळे बूट घालण्याची परवानगी मागितली, तेव्हा गणवेशाचा नियम मोडल्यास २५,००० डॉलर दंड होईल असे लीगने बजावले. मॅनिंग मागे हटला. रेव्हन्सचा क्वार्टरबॅक क्रिस रेडमन, जो युनायटससारखाच लुईव्हिलचा, त्याने कोणाला न विचारता ते बूट घातले आणि दंड भरला. टाउसन विद्यापीठाच्या स्टेडियमला युनायटसचे नाव मिळाले, रेव्हन्सच्या स्टेडियमबाहेर पुतळा उभा राहिला, आणि कॉलेजच्या शेवटच्या वर्षातील सर्वोत्तम क्वार्टरबॅकला १९८७ पासून त्याच्या नावाचा पुरस्कार दिला जातो. ४७ सामन्यांचा विक्रम मात्र ५२ वर्षे टिकला. न्यू ऑर्लिन्सच्या ड्रू ब्रीजने तो ७ ऑक्टोबर २०१२ रोजी मोडला.